थुंकीतून काढलेला चेहरा

पत्रकं लिहायची खोड मला कॉलेजात लागली आणि ती काही जाणार नाही. म्हणून आधीच सांगते, यात चूक माझी होती.

इस्लामपूरच्या अलीकडचं आमचं गाव. एस.टी. थांब्याची भिंत आम्ही पोरापोरींनी रंगवायची आणि मावा खाणाऱ्यांनी आठवड्यात ती लाल करायची. थुंकीतल्या डीएनएवरून माणसाचा चेहरा ताडता येतो असं वाचलं आणि मी पेटलेच. नमुना पुण्याच्या एका प्रयोगशाळेत धाडला आणि पत्रक छापलं: 'थुंकलात? आता तोंड दाखवा!'

रिपोर्ट आला. पुरुष, काळे केस, तपकिरी डोळे, गव्हाळ वर्ण. सोबत संगणकानं काढलेला एक गुळगुळीत चेहरा. खाली लिहिलं होतं की हा फक्त अंदाज आहे, यावरून कुणा एकाला ओळखू नये. ते वाचायला मला वेळ कुठला? चित्र फ्लेक्सवाल्याकडं दिलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला आणि दुपारपर्यंत गाव म्हणू लागलं, हा तर पेटीवाला मामा.

मामा पत्र्याच्या पेट्या करतात. गावातनं फौजेत गेलेल्या प्रत्येकाची ट्रंक त्यांच्या हातची. उभ्या जन्मात सुपारीचं खांडही त्यांनी तोंडात टाकलेलं नाही. मोहरमला चार दिवस उरले होते. आमच्याकडं काठीला बसवलेला पिराचा चांदीचा पंजा मिरवणुकीनं निघतो तेव्हा हिंदू-मुसलमान सगळेच पुढं असतात, पण तो हातात धरायचा मान मामांच्या घराचा. तालमीतल्या म्हाताऱ्या आबांनी त्यांना निरोप धाडला, की असला डाग लागलेल्यानं यंदा पंजाला हात लावू नये. मामांनी हातोडी ठेवली आणि भरदिवसा शटर ओढलं.

मी घरी येऊन रिपोर्ट नीट वाचला. मूळ चित्रात मिशाच नव्हत्या. आणि फ्लेक्सवर ह्या एवढ्या, पिळदार, निम्म्या पिकलेल्या. तशीच फ्लेक्सवाल्याकडं गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, बिनमिशाचा गडी आपल्याकडं शोभतोय व्हय? लय नागडं दिसत हुतं तोंड. मिशा घातल्या. जरा वयबी घातलं."

मिशा कुणाच्या घातल्या, विचारलं. त्यानं खिडकीतनं समोर बघितलं आणि त्याचं त्यालाच उमजलं. रस्त्यापलीकडं मामांचं दुकान. दिवसभर तेच तोंड त्याच्यासमोर.

संध्याकाळी मूळ चित्र मोठं छापून घेतलं आणि तालमीत भिंतीला लावलं. चूक माझी, मामांची नाही, डीएनएत मिशा नसतात, असं सगळ्यांसमोर सांगितलं. आबांना पटेना. मग फ्लेक्सवाल्यानं खडू घेऊन त्या गुळगुळीत तोंडावर पांढऱ्या, ओघळलेल्या मिशा काढल्या. तालमीनं आधी चित्राकडं बघितलं, मग आबांकडं. मग मागनं कुणीतरी विचारलं, "आवं आबा, थुंकलात कवा?"

त्यानंतर तालीम कुणाला आवरेना. सुट्टीवर आलेल्या फौजीनं चित्रावर स्वतःसारख्या मिशा रेखून घेतल्या, तो चेहरा त्याचा झाला. दूधवाल्यानं घेतल्या, त्याचा झाला. लोक पोट धरून हसत होते आणि रांग लावत होते. काळे केस, तपकिरी डोळे, गव्हाळ वर्ण: अख्खा वाळवा तालुका आरोपी! असल्या चित्रावरनं मी एका माणसाची अब्रू भिंतीला टांगली होती.

आबांनी चित्रावरचा खडू हातानं पुसला, तोच हात स्वतःच्या मिशांवरनं फिरवला आणि सगळ्यांत शेवटी हसले. हसता हसता उठले आणि कुणाला काही न सांगता मामांच्या दारात गेले. आम्ही सगळे त्यांच्या मागं.

"चल गड्या," आबा म्हणाले, "पंजाला दुसरा हात शोभत न्हाई."

मामांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "आदी मिशाला खडू लागलाय, त्यो पुसा."

मी माफी मागितली. त्यांनी मला मोहरमला सरबत वाटायचं काम लावलं. मी ना देव मानते ना पीर. पण हलगी घुमली, गर्दी दुभंगली आणि मामा पंजा घेऊन छाती काढून पुढं आले, तेव्हा सरबताचा पेला मी कुणाच्या तरी सदऱ्यावर ओतला आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटत सुटले.