सुई जगतापच्या हातात

"साहेब, शीर सापडत नाही," माझा ज्युनियर डॉक्टर जगताप म्हणाला.

खाटेवर आमचीच सिस्टर होती, सुलोचनाबाई. सकाळपर्यंत ती रोग्यांना पाणी पाजत होती. आता तिचेच डोळे खोल गेले होते आणि मनगटाला नाडी लागत नव्हती. पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात, असंच होतं. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी निघून जातं, रक्त घट्ट होतं, शिरा चपट्या पडतात. वेळेवर सलाईन भरलं तर माणूस उठून बसतो. नाही भरलं तर बघता बघता संपतो.

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची ही गोष्ट. तेरच्या पुढं तेरणेकाठच्या एका गावात साथ लागली होती. शाळेतले बाक बाहेर काढून आम्ही तिथं कॅम्प लावला होता. मी नुकताच इन्चार्ज झालो होतो. हैदराबादेत शिकलेला, निजामाच्या नोकरीत उर्दूत रिपोर्ट लिहिलेला मी डॉक्टर. नव्या राज्यात बढती मिळाली आणि बढती मिळालेल्या आम्हा डॉक्टरांना पुण्याला ट्रेनिंगला बोलावलं. शिकवायला फौजेतून रिटायर झालेले एक डॉक्टर होते. ते सारखं एकच सांगायचे, "इन्चार्ज एका खाटेला चिकटला की बाकीचा वॉर्ड वाऱ्यावर." मागच्या बाकावर आम्ही हसायचो. रोगी बघायचे नाहीत तर डॉक्टर झालो कशाला?

शीर सापडत नसेल तर एकच उपाय असतो. घोट्याजवळची कातडी कापायची, शीर उघडी करायची आणि तिच्यात सुई घालून बांधायची. त्याला आम्ही कट-डाऊन म्हणतो. कॅम्पात ते फक्त मला येत होतं. जगतापनं ते दोन-चारदा नुसतं बघितलं होतं. मी हात धुवायला वळलो.

तेवढ्यात शिपाई धापा टाकत आला. "साहेब, विहिरीवर चला. लोकांनी इन्स्पेक्टरसाहेबांना घेरलंय. पावडरीचं घमेलं उलथं केलं. काठ्या निघाल्यात!"

आमचा सॅनिटरी इन्स्पेक्टर गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकत होता. रोग त्या पाण्यातनंच येत होता. दोन दिवसांपूर्वी एकदा पावडर टाकली होती. आता दुसऱ्यांदा टाकायची, तर लोक आडवे आले होते.

जगतापला विहिरीवर पाठवावं असं आधी मनात आलं. पण तो कालपरवा कॉलेजातनं आलेला पोरगा. गाव त्याचं ऐकणार नव्हतं. आणि विहीर हातची गेली असती तर रात्रीपर्यंत शाळेत खाटा पुरल्या नसत्या.

मी चाकू त्याच्यापुढं धरला.

"कट-डाऊन तू कर."

"साहेब, मी कधी..."

"घोट्याच्या हाडाच्या जरा पुढं, जरा वर. आडवं काप. खोल जाऊ नको. शीर पांढरट दिसेल. घाई करू नको."

त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. सुलोचनाबाई अर्धवट शुद्धीत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मी निघालो. वळून बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

विहिरीवर माणसं दाटली होती. इन्स्पेक्टर कठड्याला पाठ लावून उभा होता. एक धक्का बसला असता की आत. पुढं सोपानराव होते. मेंढरं राखणारं म्हातारं माणूस, गावात त्यांच्या शब्दाला वजन.

"दाक्तर सायेब, लई झालं. तुमी पावडर टाकली आन् माजी सून गेली. आता आनिक किती मारायची?"

मागनं कुणीतरी ओरडलं, "जहर हाय त्यात, जहर!"

काठीचं टोक माझ्या छातीला लागलं. ते मी तसंच राहू दिलं.

मी म्हणालो, "सोपानराव, सून आजारी कधी पडली?"

"सोमवारी."

"आणि पावडर?"

ते थांबले. "मंगळवारी."

"सोमवारी आमची सिस्टर सुनेला बघायला तुमच्या घरी आली होती. तुम्ही तिला पाणी दिलंत. ह्याच विहिरीचं. तेव्हा त्यात पावडर नव्हती. आज ती शाळेत पडलीय. नाडी लागत नाही."

म्हातारा माझ्याकडं बघतच राहिला. "ती बाई? जी सुनंचं डोस्कं मांडीवर घिऊन बसली हुती?"

"व्हय."

"मंग तुमी हितं काय करताव? तुमचं मानूस तकडं मरतंय!"

"तिच्याजवळ डॉक्टर आहे. इथं कुणी नव्हतं."

काठी खाली आली. सोपानराव मागं वळून म्हणाले, "व्हा रं बाजूला." मग मला म्हणाले, "टाका. पर पानी प्यायाजोगं हुईस्तवर तुमी हितनं हलायचं न्हाय."

पावडर टाकल्यावर तासभर पाणी काढायचं नसतं. म्हणजे तासभर मला तिथंच उभं राहायचं होतं. कबूल करण्याशिवाय इलाज नव्हता.

तो तास मला अजून आठवतो. शाळेचं कौलारू छप्पर तिथनं दिसत होतं, आत काय चाललंय ते कळत नव्हतं. जगतापनं शिरेऐवजी धमनी कापली असेल. शीर तुटली असेल. सलाईन जायच्या आधीच सगळं संपलं असेल. मनातल्या मनात मी अल्लाचं नाव घेत होतो आणि लोकांपुढं चेहरा कोरा ठेवून उभा होतो.

मग शाळेकडनं शिपाई पळत येताना दिसला. चांगली बातमी सांगायला माणूस एवढं पळत नाही. सोपानरावांनीही त्याला बघितलं. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

शिपाई आला, गुडघ्यावर हात टेकून वाकला.

"काय झालं? बोल!"

"साहेब... सलाईनच्या बाकीच्या बाटल्या कुठं ठेवल्यात? जगतापसाहेब विचारतायत. पहिली संपत आली."

मेलेल्या माणसाला दुसरी बाटली लागत नाही. मी विहिरीच्या काठावर मटकन् बसलो. "जीपमध्ये, मागच्या पेटीत," एवढंच कसंबसं बोललो.

सुलोचनाबाई वाचली. जगतापची पहिली चीर वाया गेली होती, दुसऱ्या पायाला शीर मिळाली. त्या विहिरीवरनं नवे रोगी हळूहळू थांबले. त्याआधी आलेल्यांतले काही आम्हाला वाचवता आले नाहीत.

उठून बसता यायला लागल्यावर बाईनं मला विचारलं, "मला कुणी कापलं?"

"जगतापनं."

"आणि तुम्ही?"

"विहिरीवर होतो."

तिनं पायाच्या पट्टीवरनं हात फिरवला. मग म्हणाली, "कळतंय मला. पण तुमची पाठ दिसली तेव्हा लई भ्याले."

पुण्याच्या ट्रेनिंगात काम कसं सोपवायचं ते शिकवलं होतं, आणि बरोबरच शिकवलं होतं. फक्त एक सांगायचं राहिलं होतं. काम सोपवता येतं, धास्ती सोपवता येत नाही. पुढं जगताप इन्चार्ज झाला, तेव्हा त्याला पेढ्याबरोबर मी हेच सांगितलं. तो मोठ्यानं हसला. म्हटलं, हस बाबा. आम्हीही मागच्या बाकावर हसलो होतो.