नेकनुरात दिसलेली धन्यता

तेव्हा आमचा मुलूख निजामाच्या मोगलाईत होता. नेकनूरला गावाबाहेरच्या आमराईत ख्रिस्ती प्रचारकांचा अभ्यासवर्ग भरला आणि त्या वर्षी पहिल्यांदाच आम्हा बायकांनाही बसायला मिळालं. माझे मालक प्रचारक होते. मी तान्ही लेक मांडीवर घेऊन सगळ्यांच्या पुढं जाऊन बसले.

शिकवायला नगरकडचे एक म्हातारे पाळक आले होते. त्यांनी विचारलं, ज्याच्या कानी शास्त्र पडलंच नाही त्याला भलंबुरं कसं कळतं? सगळे प्रचारक म्हणाले, कळत नाही. पाळकसाहेबांनी मान हलवली. देवानं माणूस घडवतानाच आपला नियम त्याच्या अंतःकरणात लिहिला. त्या नियमानं वागत वागत सद्गुण अंगी मुरतो आणि माणूस धन्यतेच्या वाटेला लागतो, असं त्यांनी सांगितलं. मला ते ऐकून भरून आलं, पण पटलं नाही. आम्ही मूळचे गावकुसाबाहेरचे, त्यात धर्म बदललेले. आमची सावली टाळणाऱ्यांच्या काळजात देवाचा नियम?

दुसऱ्या दिवशी मला सणकून ताप भरला आणि माझं दूधच आटलं. लेक रडून रडून निळी पडली. शेळीचं दूध पाजलं तर तेही ओकली. शेजारच्या रानात धनगरांनी मेंढ्या बसवल्या होत्या. रडणं ऐकून त्यांच्यातली एक बाई आमच्या खोपीशी आली. तिच्या काखेत तिचंही मूल होतं.

मी म्हटलं, "आमी कोण, ठावं हाय न्हवं?"

"ठावं हाय," ती म्हणाली. "लेकरू भुकेलंय."

तिनं आपलं मूल खाली ठेवलं आणि माझी लेक पदराखाली घेतली. लेक चुटूचुटू प्यायला लागली. मी विचारलं, तुमच्यातली माणसं बोलतील की.

"बोलतील. पान्हा फुटल्यावर काय करावं मंग?" असं म्हणून ती हसली. तसा सुखी चेहरा मी आमच्या उपासनेतसुद्धा पाहिला नव्हता.

सकाळी ताप उतरला नव्हता, तरी मला खोपीत पडवेना. मालक नको नको म्हणत असताना मी वर्गात गेले आणि सगळं सांगून टाकलं. एक प्रचारक म्हणाले, त्यात सद्गुण कसला, जनावरालाही पान्हा फुटतो.

मी उभी राहिले. "मेंढी दुसरीचं कोकरू डोक्यानं ढकलून देती," मी म्हणाले. "त्या बाईनं आधी लोक काय म्हणतील ते तोललं, अन् मग लेकरू उचललं. अन् ती लई सुखात होती. मी बघितलंय."

पाळकसाहेब जागचे उठले. उद्या शिकवायचं ते या बाईंनी आजच शिकवलं, म्हणाले. त्याच प्रचारकांनी चिडून विचारलं, मग प्रभूची गरज काय? पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, "एका लेकरासाठी हे जमतं. वैऱ्याच्या लेकरासाठी, रोज, जन्मभर जमायला त्याची कृपा लागते. कृपा त्या बाईचं भलेपण पुसत नाही, पुरं करते."

माझ्या अंगावर काटा आला, तो तापाचा नव्हता.

ती बाई रोज येत राहिली. तिच्या सासऱ्यानं तिला जाब विचारला, तेव्हा तिनं त्यालाच खोपीपर्यंत आणलं आणि माझ्या लेकीकडं बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं वाकून लेकीला बघितलं आणि तो परत फिरला. माझं दूध परत आलं तोवर वर्ग संपला होता. मेंढरं घाटनांदूरच्या वाटेला लागली. जाताना तिनं लेकीच्या गालाला हात लावून दृष्ट काढावी तशी आपल्या कानशिलावर बोटं मोडली. पुढं मी गावोगाव बायकांना शिकवायला लागले, आणि पहिला पाठ तिचाच सांगत आले.