अर्धी वाटी सुका

माझी बायको सहा वर्षं माझ्याशी खोटं बोलली. हे मला ती गेल्यावर पाचव्या महिन्यात, जवळ्याच्या डब्यात सापडलं.

मी चौथी शिकलेला माणूस. अबुधाबीजवळ मुसफ्फ्याला वर्कशॉपात एकतीस वर्षं वेल्डिंग केलं, राहायला कंपनीचा कॅम्प. बायको इकडे दुबईत, अल कुसैसला मुलाच्या फ्लॅटमध्ये. मी रविवारी यायचो. मुलाने फिलिपिनो मुलीशी लग्न केलं तेव्हा मी तोंडावर सांगितलं, हिच्या हातचं मी खाणार नाही, त्यांच्यात डुक्कर चालतं. बायको म्हणाली, "मी तरी कुठे खाणार आहे? आपली कढई वेगळी ठेवीन." मला बरं वाटलं. रविवारी माझ्या पानात बांगड्याचं तिखलं आणि भात, सगळं तिच्या हातचं.

ती गेली तेव्हा मी कॅम्पात होतो. पोचेपर्यंत खलास. मग काम सोडलं आणि मुलाकडे राहायला आलो. तिची कढई घेऊन स्वतःचं स्वतः शिजवून खात होतो. घरात कधी वेगळा वास आला नाही. मला वाटलं सून सुधारली.

गेल्या महिन्यात सुनेची आई तिकडे गावी वारली. सुनेला आठवा महिना, विमानात घेईनात. फोनवर आईची शवपेटी बघत बसली दोन दिवस. पोटात नुसतं पाणी. डॉक्टरणीने मुलाला बजावलं, संध्याकाळपर्यंत काही खाल्लं नाही तर ॲडमिट करा, बाळाला धोका आहे. मुलाने बिर्याणी आणली, सूप आणलं. तिने मान फिरवली. मुलाला ड्युटीवर जाणं भाग होतं. जाताना मला म्हणाला, "बाबा, काहीतरी खायला घाला तिला. प्लीज."

"मी? माझं काय ऐकणार ती?"

"आईचं ऐकायची," एवढंच बोलून तो गेला.

सहा वर्षांत मी त्या पोरीशी दहा वाक्यं बोललो नसेन. आता काय करणार? पेज टाकावी, सोबत जवळा भाजावा, असं ठरवून बायकोचा जवळ्याचा डबा काढला. झाकणाच्या आत घडी केलेलं कॅलेंडरचं पान. हिचं गिचमीड अक्षर.

*सूनबाईचा अडोबो. कोंबडी एक. लसूण दोन गड्डे. पाऊण वाटी तोयो. अर्धी वाटी सुका. मिरी, तेजपत्ता. ढवळू नये. रविवारी करू नये, हे असतात.*

मी लादीवर बसलो. वेल्डिंगच्या कामात करंट किती वेळा लागला असेल, पण असा झटका कधी बसला नव्हता. शेवटची ओळ चार वेळा वाचली. हे असतात! म्हणजे मी. म्हणजे सहा दिवस या दोघी एका कढईत शिजवून, एकत्र बसून जेवायच्या, आणि सातव्या दिवशी मी दारात आलो की खिडक्या उघडून वास घालवायच्या. आणि मी कॅम्पातल्या पोरांना छाती फुगवून सांगायचो, आमच्या हिने धर्म राखलाय.

राग आला. पण भांडायचं कुणाशी? उठलो आणि कागदात होतं तसं करायला घेतलं. कोंबडी फ्रीजमध्ये होती. एका काळ्या बाटलीवर हिने चिकटपट्टी लावून 'तोयो' लिहिलं होतं. इतके दिवस मी ते औषध समजत होतो, वास घेतला तर चायनीजवाल्यांचा सोया सॉस. सुका काय ते कुणाला विचारायची गरजच नव्हती. डबा हातात, कागद त्याच डब्यात. अर्धी वाटी सुका जवळा टाकला आणि झाकण ठेवलं.

पाच वर्षांची नात नाक धरून आली. "आजोबा, व्हॉट इज दॅट स्मेल?"

"तुझ्या आईचं जेवण आहे."

"नो वे!"

त्या वासाने सून पोट धरून बाहेर आली. डोळे सुजलेले. झाकण उचललं आणि बघतच राहिली. "बाबा, ये क्या डाला?"

"सुका. लिखा है." कागद पुढे केला.

तिला मराठी वाचता येत नाही, पण अक्षर ओळखलं. त्यावरून बोट फिरवलं. "नानाय," म्हणाली. त्यांच्यात आईला तसं म्हणतात, हिला ती तेच म्हणायची. मग वाकता येईना म्हणून सिंकखाली पायाने दाखवलं. तिथे पांढरी बाटली होती. मी काढून दिली. "ये सुका, बाबा."

"अगं, ये तो नल घासने का है!"

इथल्या पाण्याने नळावर पांढरे डाग धरतात, त्यासाठी ही बाटली, असं मला बायकोनेच सांगितलं होतं. परवाच मी त्याने बाथरूमचा नळ लखलखीत केला होता. त्यांच्या भाषेत सुका म्हणजे व्हिनेगर.

"नानाय टोल्ड यू? नल?" तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदा. भिंतीला टेकून हसली. मग म्हणाली, "फर्स्ट टाइम नानाय ऑल्सो. सेम. श्रिंप डाला." आणि हसता हसता रडायला लागली. स्वतःच्या आईसाठी की हिच्यासाठी, ते मी विचारलं नाही. माझंही काही ठीक नव्हतं.

अर्धी वाटी ओतलं. मी कालथा घालायला गेलो तर तिने माझा हात धरला. "नो मिक्स, बाबा. वेट."

भात मी लावला. ती जेवली. आधी दोन घास, मग ताट पुढे करून परत मागितलं. नात म्हणाली, "मम्मी इज ईटिंग!" मी मुलाला फोन लावला, खाल्लंन म्हणून सांगितलं.

वळलो तर माझ्यासाठी ताट वाढलेलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोर्क नहीं, बाबा. चिकन."

"कळतंय मला. मीच टाकलंय."

आंबट, खारट, लसणीचं, आणि दाताखाली जवळा. चांगलं लागलं. तेच जास्त लागलं मनाला. सहा वर्षं दर रविवारी ही माझ्यासमोर बसून बांगडा वाढत होती, आणि 'चाखून बघता का' असं मला एकदा विचारायचं धाडस तिला झालं नाही. इतका मी वाईट होतो का? सुनेला विचारणार होतो. तिला हिंदी तेवढी येत नाही, आणि मला उत्तर नको होतं.

बाटली आता वर, तोयोच्या शेजारी असते. नळावर परत डाग धरलेत. धरू देत.