सेयिलकानच्या पिल्लांचे चाळीस दिवस

आमच्या सेयिलकानला कुणाला नाही म्हणताच येत नाही. मी तिची शेजारीण, सांगते ना! दारात आलेल्याला चहा आणि गरम तळलेले बोर्सोक खाऊ घातल्याशिवाय ती सोडायची नाही. गुण चांगलाच, पण त्याच गुणापायी तिची माशांची पिल्लं मरत होती.

घरामागच्या झऱ्याचं पाणी शेडमधल्या टाक्यांतून फिरवून ती ट्राउटची अंडी उबवते. पाणी गार, स्वच्छ, वाहतं. तरी दोन हिवाळे पिल्लं पोहायला लागायच्या आतच गेली. यंदा नवरा, कुबात, म्हणाला की आता मेली तर शेडमध्ये मेंढ्या बांधीन. तो बोलला म्हणजे करणारच. बिचारीचं तोंड एवढंसं झालं.

यंदाही अंडी फुटली आणि गाव बघायला लोटलं. जो येई तो टाकीचं झाकण उचलून तोंडभर आशीर्वाद देई. उजेड पडला की पोटाला अजून पिवळी पिशवी असलेले ते इवलेसे जीव घाबरून कोपऱ्यात एकमेकांवर चढायचे आणि खालचे गुदमरायचे. मेलेली वेचता वेचता सेयिलकानच्या लक्षात आलं, पाहुणे येत नाहीत त्या दिवशी फारशी मरतच नाहीत.

कळलं खरं, पण सांगायचं कसं? त्यात सासूबाई, उलबाला, दोन मैत्रिणींना घेऊन आल्या. सासूला दारात अडवायचं म्हणजे आमच्यात केवढा अपमान! सेयिलकान आडवी उभी राहिली.

"आई, आत नका जाऊ."

"का गं? माझ्याच घरात मला बंदी?"

"अजून चाळीस दिवस झाले नाहीत त्यांना."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण चाळीस दिवस बाळ कुणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही, हे सुनेच्या प्रत्येक बाळंतपणात याच म्हातारीने बजावलेलं. तिने मैत्रिणींना परत पाठवलं आणि स्टूल टाकून स्वतःच दाराशी बसली. मग कुणाची बिशाद आत जायची! मुख्याध्यापकांनासुद्धा पिटाळलं तिने.

पिशव्या जिरल्यावर झाकणं उघडली. पिल्लं धारेकडे तोंड करून थव्याने पोहत होती. सेयिलकान रडायलाच लागली. कुबात कितीतरी वेळ वाकून बघत राहिला.

"मेंढ्यांना दुसरा गोठा बांधतो," तो म्हणाला.

"बांध की," उलबाला म्हणाली, "पण जरा लांब बांध. ठोकाठोकीनं पिल्लं दचकतात."