काकांची मंडळी

गाईच्या पोटात काय चाललंय याची आमच्या काकांना जेवढी काळजी आहे, तेवढी खुद्द गाईलाही नसेल. काका म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान. उभा जन्म पशुखाद्याच्या कंपनीत गेला. निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये स्वस्थ बसावं, पेपर वाचावा, फार तर पार्किंगवरून शेजाऱ्यांशी भांडावं, एवढीच मावशीची माफक अपेक्षा होती. पण काका सकाळी स्कूटरवर यीस्टची पिशवी ठेवून खडकवासल्याच्या बाजूच्या गोठ्यांकडे निघतात, ते जेवायच्या वेळेला परततात. आणि परतताना असा काही वास बरोबर आणतात की लिफ्टमधले लोक आपला मजला यायच्या आधीच उतरतात.

यीस्ट म्हणजे पाव फुगवतात त्याच जातीतलं. ते गाईला कशाला, असं विचारण्याची चूक मी लग्न झाल्या झाल्या केली होती. "अहो, गाईला कोण घालतंय?" काका म्हणाले. "तिच्या पोटात मंडळी राहते. तिच्यासाठी आहे ते." मंडळी म्हणजे गाईच्या पोटातले सूक्ष्म जंतू. कडबा पचवायचं खरं काम हे जंतू करतात, गाय नुसती चावते. खुराकात रोज थोडं यीस्ट पडलं की त्यांचं बस्तान नीट बसतं, पोटात आंबट होत नाही, दूध टिकून राहतं. हे सगळं ऐकून होईपर्यंत माझ्या ताटातली आमटी गार झाली होती. एकदा ते फोनवर एका गवळ्याला दटावत होते, "मंडळीला उपाशी ठेवू नका हो, हाल होतात." पलीकडून उत्तर आलं, "ठिवतोय कुठं काका, ती म्हायेरी गेलीया."

घरात यीस्टचा डबा बडीशेपेच्या डब्याशेजारी असतो. काकांच्या मुलीचं लग्न ठरवायला व्याही बंगळूरहून आले होते. जेवण झाल्यावर त्यांनी नेमका तोच डबा उघडला आणि चमचाभर तोंडात टाकलं. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला. काका शांतपणे म्हणाले, "काही होत नाही. फार तर दूध वाढेल." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन करून व्याह्यांच्या पोटाची चौकशी केली ती मात्र अगदी मनापासून. लग्न मोडलं नाही, याचं श्रेय मी व्याह्यांना देतो.

काकांचं खरं वैर गोग्रासाशी. बुधवार पेठेत देवळापाशी एक गाय बांधलेली असते आणि येणारे-जाणारे तिला पुरणपोळीपासून जिलबीपर्यंत काहीही भरवतात. काका तिथे थांबून वाद घालतात. "पुण्य तुम्हाला आणि अपचन तिला, ही कुठली वाटणी?" एका बाईंनी विचारलं, "तुमची आहे का गाय?" काका म्हणाले, "नाही. तुमची तरी कुठे आहे?"

आता अशा माणसाच्या घरात गोग्रास चोरूनच होणार. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सीमांतपूजनाचं जेवण बरंच उरलं. मावशीने काकांना न सांगता मसालेभात आणि जिलब्या टेम्पोतून, काका रोज यीस्ट घेऊन जातात त्यांपैकी सुमनबाईंच्या गोठ्यावर पाठवून दिल्या. मुलीच्या संसाराला गाईचा आशीर्वाद असावा, एवढाच हेतू. सुमनबाई काकांच्या सांगण्याबाहेर कधी नसतात. दुसऱ्या कोणी पाठवलं असतं तर त्यांनी दारातूनच परत धाडलं असतं. पण काकांच्या घरचं आलंय म्हणजे काकांनी बघूनच पाठवलं असणार, असं समजून त्यांनी ते सगळंच्या सगळं चंद्रीपुढे ओतलं. चंद्री ही त्यांची सगळ्यात दुधाळ गाय, काकांच्या विशेष मर्जीतली.

लग्नाच्या दिवशी पंगत चालू असताना सुमनबाईंचा फोन आला. "काका, चंद्री सकाळपासनं बसूनच हाय. रवंथ करंना. डाक्टर येऊन औषिध पाजून गेलं. म्हनलं आज लगीन हाय, सांगू नगं, पर जीव ऱ्हाईना." काय घातलं होतं ते कळल्यावर काकांनी मावशीकडे एकदा पाहिलं. हात धुतला आणि मला म्हणाले, "चला."

पगडी आणि उपरणं तसंच होतं. मी स्कूटर चालवता चालवता विचारलं, यीस्ट द्यायचं का? "यीस्ट रोजच्या वापरासाठी असतं," ते म्हणाले. "आता डॉक्टरांनी केलं तेच खरं. आपण फक्त जवळ बसायचं." गोठ्यात पोचल्यावर ते चंद्रीच्या डाव्या कुशीला कान लावून बसले. पोट हलल्याचा आवाज येतो का, ते ऐकत होते. इकडे पाठवणीची वेळ टळून गेली. मला मुलीचं फार वाईट वाटत होतं.

मग मोटारीचा हॉर्न वाजला. मुलीने नवऱ्याला सांगून गाडी वाट वाकडी करून आणली होती. शालू सावरत ती शेणातून आत आली आणि वाकून बापाच्या पाया पडली. काका कान न काढता म्हणाले, "सुखी राहा. बोलू नकोस, ऐकू येत नाही." ती जराशी थांबली. मग त्यांच्या पाठीवर हात ठेवून निघाली.

गाडी सुरू झाली तेव्हा सुमनबाईंनी काकांच्या खांद्याला हात लावला. "काका, उठा आता. रवंथ कवाचा सुरू झालाय."

"माहीत आहे," काका म्हणाले. गाडीचा आवाज पार विरेपर्यंत त्यांनी चंद्रीच्या कुशीवरून डोकं उचललं नाही. मी बाहेर जाऊन उगाचच स्कूटर पुसत राहिलो.