आमच्या एक्स्चेंजमधली जपानीण

जुन्या मैत्रिणी भेटल्या की पहिली पाच मिनिटं गुडघेदुखीची, पुढची पाच सुनांची, आणि मग कोणीतरी म्हणतंच, "अगं, ती जपानीण आठवते का?" की संपलं! चहा गार होतो, स्वयंपाक खोळंबतो. दरवेळी एखादा किस्सा नवाच निघतो, आणि जुना असला तरी थोडा वाढलेला असतो. म्हटलं, अजून वाढायच्या आत लिहून ठेवावेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. नरसीजवळच्या आमच्या खेड्यातली, आमच्या वस्तीतली नोकरीला लागलेली पहिली पोरगी! कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. दिवा लागला की प्लग घालायचा आणि म्हणायचं, "नंबर प्लीज?" मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, बंद असला की दिवे लागायचे नाहीत. मग आम्ही वाचायचो.

माझ्या शेजारच्या बोर्डावरच्या शैलानं परभणीच्या स्टेशनवरून एक जपानी कादंबरी आणली, मराठीत भाषांतर केलेली. गोष्ट अशी. समुद्राकाठचं लहान गाव. लढाईवर गेलेला नवरा दहा वर्षांनी परत येतो. चेहरा तोच, आवाज तोच, खांद्यावरचा व्रणसुद्धा तोच. पण बायकोला आतून वाटत राहतं, हा तो नाही. ती कुणाला सांगत नाही. रोज त्याच्या चहात विषाचे थेंब टाकते, कधी दोन, कधी सात, आणि समोर बसून बघते. त्याला ते कळतं. तरी तो पितो! पुस्तक संपतं, पण तो खरा की खोटा, हे लेखक काही सांगत नाही.

त्यातली नावं आमच्या जिभेवर बसेनात. म्हणून बाईचं नाव आम्ही ठेवलं जपानीण. पुढे पुस्तकाचंही तेच पडलं.

आमचे सुपरवायझर साहेब फार कडक. ड्यूटीवर पुस्तक दिसलं की मेमो! म्हणून शैलानं जपानिणीला खाकी कव्हर घातलं आणि वर सुंदर अक्षरात लिहिलं, 'ट्रंककॉल : नियम व सूचना'.

एके दिवशी साहेब आले, पुस्तक उचललं, म्हणाले, "वा! ही प्रत माझ्याकडे नाही." आणि घरी घेऊन गेले.

आमचे चेहरे पांढरे पडले. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. साहेबांचे डोळे तारवटलेले. पाचव्या दिवशी त्यांनी पुस्तक शैलाच्या टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले,

"नियम फार कडक आहेत हो!"

मेमो काही आला नाही.

एकदा मोंढ्यातल्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं सांगलीचा ट्रंककॉल बुक केला होता. लाईन मिळायला वेळ होता. शेठजी तिकडे रिसीव्हर कानाला लावून बसलेले, आणि माझ्या बोर्डावरची बोलायची कळ चुकून उघडी राहिलेली! शैला नुकतीच पुढचं प्रकरण वाचून आली होती.

मी विचारलं, "आज किती थेंब टाकले?"

"सात!"

"बाई गं! अन् नवरा?"

"प्याला की. काही बोलला न्हाई."

"मरंल ना गं अशानं!"

"मरू दे. खरा नवरा थोडाच हाय!"

सांगलीची लाईन लागली तेव्हा शेठजी लाईनवर नव्हतेच. अर्ध्या तासानं ते स्वतः धापा टाकत एक्स्चेंजच्या दारात! आत यायला तयार नाहीत. मला बाजूला बोलावलं आणि हात जोडले.

"बाई, कोन हाय, काहून करून राहिली, काहीच इचारत न्हाई. नाव बी नका सांगू. फक्त एवढं सांगा, ती माझ्या घरची तर न्हाई ना?"

त्यांना सगळं समजावून सांगितलं, पुस्तक दाखवलं. हसले बिचारे. पण त्यांच्या मुनीमानं नंतर सांगितलं, शेठजी आठवडाभर चहा हॉटेलात प्यायले!

बशीरचाचा आमचे लाईनमन. शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू. मराठी बोलायचे फर्डं, पण वाचता यायचं नाही. बोर्डाच्या वायरी तपासताना ते आमच्याकडून रोज एक प्रकरण ऐकायचे आणि संध्याकाळी घरी जाऊन चाचींना सांगायचे. गोष्ट ऐन रंगात आली आणि औंढ्याची लाईन तुटली. चाचांना आठ दिवस तिकडेच राहावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी औंढ्याच्या लाईनचा दिवा लागला. चाचा खांबावर चढून टेस्टिंगचा फोन तारेला लावून बोलत होते. इकडे साहेब नेमके माझ्या बोर्डाशी उभे होते. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून स्वतः लावला.

पलीकडून आम्हालाही ऐकू जाईल एवढा मोठा आवाज आला, "हलो, टेस्टिंग, टेस्टिंग! बेटी, लाईन बराबर है. साहब नहीं ना वहाँ? हाँ, तो उसने वो चाय पी क्या?"

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभ्या. साहेबांनी घसा साफ केला.

"पी, बशीर. पी ली. पण कप कुणी बदलला ते उद्या सांगतो. आधी खाली उतर, पडशील!"

पुस्तक मी गावीही नेलं होतं. सुट्टीचा दिवस. शिजवलेली हळद खळ्यावर वाळत घातलेली, बाया निवडायला बसलेल्या. आमची माय त्यातच. तिला वाचता यायचं नाही, पण लेक नोकरीला लागल्यापासून माझ्या हातातल्या प्रत्येक कागदाकडे ती मोठ्या मायेनं बघायची. "वाच की, आमाला बी कळू दे," म्हणाली. मी बांधाच्या दगडावर बसून वाचायला लागले. ऊन उतरलं तरी कुणी उठेना.

एक बाई म्हणाली, "थेंब थेंब काहून टाकून राहिली? सरळ हाकलून द्यायचा."

दुसरी म्हणाली, "पोलिसात द्यायचा."

माय हातातलं हळकुंड तसंच धरून बसली होती. तिनं विचारलं, "पोरी, चहात इख हाय हे त्याला ठाऊक हाय?"

"व्हय."

"तरी पेतो?"

"व्हय माय."

"रोज?"

"रोज."

मायनं हळकुंड टोपल्यात टाकलं. "मंग खरा असो का खोटा असो. तिच्या हातचं इख बी पेणारा नवरा! या गावात हाय का कोनाला?"

बाया हसायला लागल्या. मग एकेक करून खाली मान घालून हळद निवडायला लागल्या.

शैलाला मात्र शेवट सहन झाला नाही. तिनं प्रकाशकाच्या पत्त्यावर भाषांतर करणाऱ्या गृहस्थांना चार पानी पत्र लिहिलं. 'तो खरा होता की खोटा, एवढंच कळवा, झोप लागत नाही.' तीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. बारीक, वळणदार अक्षर.

'सौ. ताईंस स. न. वि. वि. मलाही झोप लागत नव्हती. म्हणून मी मूळ लेखकाला पत्र घातलं आहे. उत्तर आल्यावर कळवतो.'

शैलाचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. पण त्या 'सौ.'बद्दल तिनं त्यांना माफ केलं.

आता कमलताईंचं सांगते.

कमलताई आमच्यात सगळ्यात सिनिअर. मोजकं बोलायच्या. त्यांचा नवरा नऊ वर्षांपूर्वी निजामाबादकडे कामाला म्हणून गेला, तो गेलाच. ना पत्र, ना निरोप. पोरगी तेव्हा दीड वर्षाची. ताईंनी एकटीनं तिला वाढवलं. त्यांच्यासमोर आम्ही जपानिणीचा विषय काढत नसू, पुस्तक दिसलं तरी झाकायचो. पण त्यांनी एक दिवस स्वतःच ते पिशवीत टाकून नेलं आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवलं.

शैलानं भीतभीत विचारलं, "कसं वाटलं ताई?"

"टाइप फार बारीक आहे," ताई म्हणाल्या.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी, भर उन्हाळ्यात, सकाळी अकराच्या सुमारास एक माणूस एक्स्चेंजच्या पायरीशी आला. अंगभर धूळ, हातात पत्र्याची पेटी, वाळलेला चेहरा. मला म्हणाला, "कमल हाय का इथं?"

मी आत जाऊन सांगितलं. ताई दारापर्यंत आल्या. गळ्यात हेडफोन तसाच. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो म्हणाला, "वळखलं न्हाई?"

ताई म्हणाल्या, "ड्यूटी दोन वाजता संपते."

"बरं," तो म्हणाला, आणि समोरच्या कडुलिंबाखाली पेटीवर बसला.

ते तीन तास मी विसरणार नाही. मी दोन राँग नंबर जोडले. शैलानं दवाखान्याचा कॉल कापसाच्या जिनिंग फॅक्टरीला दिला. साहेब तीनदा खिडकीशी येऊन गेले. ताईंचा एकही प्लग चुकला नाही. फक्त "नंबर प्लीज" म्हणताना आवाज जरा खाली गेलेला.

दोन वाजता त्यांनी रजिस्टरवर सही केली, पदर सारखा केला आणि लिंबाखाली गेल्या. तो उठून उभा राहिला.

"जेवलात का?"

"न्हाई."

"चला."

पेटीची एक कडी त्यानं धरली, दुसरी ताईंनी. आम्ही खिडकीतून बघत राहिलो.

त्या दिवसापासून एक्स्चेंजमध्ये जपानिणीचं नाव कुणी काढलं नाही. ठरवलं नव्हतं, पण नाहीच काढलं. त्या माणसानं स्टेशनच्या रस्त्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पोरीला शाळेत सोडायचा, ताईंची ड्यूटी संपायच्या वेळी लिंबाखाली येऊन उभा राहायचा. दुकानाच्या कमाईवर पोरीचं लग्न केलं. गावात बायका कुजबुजल्या, मग कंटाळल्या.

पुढे पुष्कळ वर्षांनी, मी आणि ताई दोघी रिटायर झाल्यावर, ताईंचे यजमान वारले. मी भेटायला गेले. पाहुणे पांगले होते. ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या, समोर यजमानांचा फोटो. मी मनात नको नको म्हणत होते, तरी तोंडातून गेलंच.

"ताई, आता तरी सांगा. तेच होते का हो ते?"

ताईंनी फोटोकडे बघितलं. पदरानं काचेवरची धूळ पुसली.

"काय माहीत," त्या म्हणाल्या. "पर पहिल्यापेक्षा लई चांगले होते."