मोठ्या बाईंना कळेपर्यंत

नलूताईंचा फोन आला तेव्हा शाळेची मधली सुट्टी चालू होती. "ताई सकाळी गेली. त्रास काही झाला नाही," एवढंच त्या म्हणाल्या... ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, लिमये बाई, कोथरूडच्या आमच्या मराठी शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. आम्ही सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणायचो. या गोष्टीला महिना होत आला, पण त्यांच्याविषयी बोलताना 'होत्या' म्हणायची सवय अजून झालेली नाही.

लग्नानंतर मी वर्ध्याहून पुण्यात आले. यांना इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली होती. कोथरूडमध्ये तेव्हा जिकडेतिकडे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या आणि तिथल्या मुलांना न्यायला इंग्रजी शाळांच्या बस येत होत्या. आमच्या शाळेतले वर्ग मात्र आक्रसत चालले होते. अशा दिवसांत मला सातवीला विज्ञान शिकवायचं काम मिळालं, तेही वर्षभराच्या बोलीवर. पहिल्याच तासाला मी मुलांना विचारलं, "काय करून राहिले रे तुम्ही?" आणि सगळा वर्ग खो खो हसला. रडकुंडीला येऊन मी बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हसली? म्हणजे ऐकत होती. माझ्या तासाला तेवढंही होत नाही. जा, पुढचा तास घ्या."

त्या अधूनमधून माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसत. हातात वही नाही, पेन नाही. तास संपला की एकच विचारत, "आज कोण गप्प होतं?" सुरुवातीला मला सांगता येत नसे, कारण माझं लक्ष फळ्याकडे असायचं. हळूहळू मी शिकवताना चेहरे पाहू लागले. खिडकीजवळची प्राजक्ता कधीच बोलत नाही, हे मला तेव्हा दिसलं. तिला बोलतं करायला मला चार महिने लागले.

आणि ती बोलली ती नेमकी तपासणीच्या दिवशी! शिक्षण खात्याचे अधिकारी दोन दिवसांसाठी आले होते. माझी नेमणूक पुढे चालू राहणार की नाही, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. मी आरशाचा धडा शिकवत होते. प्राजक्ता उभी राहिली. "बाई, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, मग वर-खाली का नाही उलटत?" काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती, पण ती चार महिन्यांनी बोलली होती... मी म्हटलं, "मला माहीत नाही. उद्या सांगते."

दुपारी बाईंच्या खोलीत साहेबांनी शेरा वाचून दाखवला, "शिक्षिकेची पूर्वतयारी अपुरी." मी मान खाली घातली.

"अहो साहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "आपल्याला येतं का हो उत्तर? मला तर नाही येत."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

"चाळीस मुलांसमोर 'येत नाही' म्हणायलाही तयारी लागते. पक्का शेरा उद्या लिहा. हाच वर्ग पुन्हा बघा."

शाळा सुटल्यावर त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बसवून घेतलं. बाईंचा विषय मराठी. विज्ञानाशी त्यांचा संबंध शाळेतच संपलेला. "मला समजेपर्यंत सांगा," त्या म्हणाल्या. "मला कळलं तर सातवीला नक्की कळेल." मी सांगत होते, त्या मान हलवत होत्या, आडवी! तीनदा माझी मांडणी मोडली. शेवटी वहीच्या पारदर्शक कव्हरवर मी 'पुणे' लिहिलं आणि ते आरशासमोर धरलं. अक्षरं आरशातही सुलटच. म्हणजे आरसा काही उलटवतच नव्हता. कागद आरशाला दाखवताना आपणच तो फिरवतो. कडेने फिरवण्याऐवजी तो वरून खाली उलटला, तर आरशात वर-खालीही उलटतं. "आत्ता कळलं," म्हणून बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी कव्हर आणि आरसा मी प्राजक्ताच्याच हाती दिला. घंटा झाली तरी मुलं उठेनात. साहेबही उठले नाहीत. त्यांनी स्वतः एकदा कव्हर फिरवून पाहिलं आणि आदला शेरा आमच्यादेखत खोडला. मी नोकरीत कायम झाले. आज मी त्याच शाळेत पर्यवेक्षिका आहे, आणि हे लिहिताना ऊर भरून येतो, तो माझ्या हुद्द्याने नव्हे. माणूस चुकेल तिथे त्याच्या शेजारी उभी राहणारी बाई मला पहिल्याच वर्षी भेटली, याचा तो अभिमान आहे.

गेल्या रविवारी नलूताईंनी मला नारायण पेठेतल्या घरी बोलावलं. निवृत्तीनंतरही नव्या शिक्षिका दर शनिवारी बाईंकडे यायच्या आणि धडा आधी त्यांना शिकवून पाहायच्या. त्यासाठी पुढच्या खोलीत एक लहानसा फळा टांगलेला आहे, समोर बाईंची वेताची खुर्ची. फळ्यावर कुणा नव्या शिक्षिकेने अपूर्णांकांची बेरीज मांडली होती. खाली बाईंचं ठसठशीत अक्षर, "हे मला कळलं नाही. पुन्हा सांगा."

"पुसू का गं?" नलूताईंनी विचारलं. "माझा हात धजत नाही."

मी खडू उचलला, खुर्चीकडे तोंड केलं आणि छेद समान का करायचे ते पुन्हा, सावकाश सांगितलं. नलूताई दारात उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या.